तेलाची गाडी की विजेची? थळ घाटापासून माथेरानपर्यंत एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/
आसनगाव स्थानकात उतरून शहापूर गावात जायचे तर सुमारे तीन किलोमीटर अंतर रिक्षाने कापावे लागते. ही रिक्षा पेट्रोल-सीएनजीवर चालावी की विजेवर, हा प्रश्न आज चालकांच्या प्रत्येक थांब्यावर चर्चिला जातो. प्रश्न नवा वाटतो, पण तसा तो नाही. याच शहापूर तालुक्यात, याच रुळांवर, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी तो एकदा विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते. त्या उत्तराची ही कथा. #थ्रेड

२/
तेल की वीज, या वादात आपण सहसा यंत्रांची तुलना करतो: वेग किती, आवाज किती, धूर किती. इतिहास पाहिला तर निर्णय बहुतेक वेळा तीन साध्या प्रश्नांवर झालेला दिसतो. वाट कशी आहे आणि तिच्यावर चढ किती? इंधन किंवा वीज कुठे भरायची? आणि गाडीचा मालक कोण? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. नाणेघाट, कसारा, अमेरिकेतील गोल्फ कार्टच्या वसाहती आणि माथेरान, सगळीकडे तेच पुन्हा भेटतील.

३/
सुरुवात मुरबाडपासून करू. तालुक्याच्या पूर्वेला, वैशाखरे गावाच्या माथ्यावर नाणेघाट आहे. सातवाहन काळात जुन्नर आणि कल्याण बंदर यांना जोडणारी ही व्यापारी वाट. इथली वाहने म्हणजे ओझ्याचे बैल आणि त्यांचे इंधन म्हणजे चारा-पाणी. घाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. सातवाहनांच्या लेण्यातील शिलालेखाची चर्चा आपण नेहमी करतो. वाहतुकीच्या इतिहासासाठी ही टाकी तितकीच बोलकी आहेत. चढ संपतो तिथे तहान भागवण्याची सोय हवी, हे त्या काळीही कोणीतरी ओळखले होते.

४/
आता शेजारच्या शहापूर तालुक्यात येऊ. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, १८५५ मध्ये वासिंदला. तेथून पुढे आसनगाव गाठायला १८६० उजाडले आणि कसारा १८६१ मध्ये. कसाऱ्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी होती. थळ घाटातील बोगदे आणि पूल बांधून गाडी इगतपुरीला पोहोचली ती १८६५ मध्ये. सुमारे चौदा किलोमीटरच्या या टप्प्याने रेल्वेची पुढची साठ-सत्तर वर्षे कसोटी पाहिली.

५/
थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर. रस्त्यासाठी हा चढ मामुली, पण लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकांसाठी फार कठीण. वाफेच्या इंजिनाला आपला कोळसा आणि पाणी स्वतःच वाहून न्यावे लागे. म्हणजे चढावर इंजिनाची बरीच शक्ती स्वतःचे इंधन वर नेण्यातच खर्च होई. बोगद्यांत धूर कोंडे. एका इंजिनाने भागत नसे, मदतीला दुसरे जोडावे लागे. शिवाय दगडी कोळशाच्या खाणी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व भारतात.

६/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२५ मध्ये मुंबई व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची प्रवासी गाडी चालवली. शहरात वीज आणण्याचे कारण गर्दी हे होते. बोर आणि थळ या दोन घाटांत वीज नेण्याचे कारण चढ हे होते. १९२९-३० या काळात कल्याण-पुणे आणि कल्याण-इगतपुरी हे दोन्ही मार्ग १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर आले. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा या स्थानकांवरून विजेची तार गेली.

७/
या घाटांसाठी मालगाड्यांची खास इंजिने बनवली गेली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात आणि उरलेली इंग्लंडमध्ये, एकूण ४१. पुढे-मागे लांब नाकाडे आणि मध्ये चालकाची खोली, असा त्यांचा आकार. वळणदार घाटात वळता यावे म्हणून त्यांचा सांगाडा तुकड्यांत जोडलेला असे. युरोपात अशा इंजिनांना मगर म्हणत, आपल्याकडे त्यांचे नाव पडले ‘खेकडा’. सुमारे २६०० अश्वशक्तीच्या या खेकड्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ काम केले. त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे.

८/
घाटात वीज का जिंकली? पहिले कारण, वाट ठरलेली होती. रूळ जिथे आहेत तिथेच गाडी जाणार, म्हणून डोक्यावर तार बांधणे परवडले. दुसरे, इंजिनाला इंधनाचे ओझे वाहायचे नव्हते. तिसरे, विजेची मोटर अगदी कमी वेगातही पूर्ण जोर लावते, आणि चढावर नेमके तेच हवे असते. शिवाय उतारावर हीच मोटर जनित्रासारखी वापरता येते. गाडीचा वेग आवरतो आणि त्यातून वीजही निर्माण होते. आजच्या विजेच्या मोटारीत जो ‘रीजनरेटिव्ह ब्रेक’ असतो, त्याचे तत्त्व हेच.

९/
इथे एक गोष्ट विसरू नये. विजेमुळे कोळसा नाहीसा झाला नाही. ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे वीजगृह उभारले आणि ते कोळशावर चालत असे. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही जलविद्युत केंद्रे त्याच सह्याद्रीत उभी राहिली होती. बोगद्यातील धूर गेला, पण त्यातील काही धूर ठाकुर्लीच्या धुराड्यातून निघू लागला. विजेच्या गाडीला ‘प्रदूषणमुक्त’ म्हणताना वीज कुठून येते हे विचारण्याची सवय या उदाहरणाने लागावी.

१०/
दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. १९३० मध्ये विजेची तार शहापूर तालुक्यातून गेली, पण तालुक्यातील घरांत ती वीज आली नाही. तारेखालच्या गावांतून पुढची कित्येक वर्षे रॉकेलचे कंदीलच जळत राहिले. ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला तो १९६० नंतर, राज्य वीज मंडळाच्या काळात. पाण्याचेही तसेच. १८९२ चे तानसा धरण याच तालुक्यात आहे, भातसा धरणही इथलेच. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. ‘भरायचे कुठे’ या प्रश्नाला म्हणूनच राजकीय बाजू आहे.

११/
आता रुळांवरून रस्त्यावर येऊ आणि थोडे जगाकडे पाहू. १९०० मध्ये अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या केवळ ९३६. म्हणजे त्या वर्षी कोणी पैज लावली असती तर ती पेट्रोलवर लावली नसती. विजेची गाडी शांत होती, तिला वास नव्हता आणि ती चटकन सुरू होई. पेट्रोलची गाडी पुढे हँडल मारून सुरू करावी लागे आणि ते हँडल उलटे फिरले तर मनगट मोडत असे.

१२/
मग पेट्रोल का जिंकले? १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल गेले. रस्ते सुधारले, लोक शहराबाहेर दूर जाऊ लागले. मुख्य कारण वजनाचे होते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर शिसे-आम्लाच्या एक किलो बॅटरीत जेमतेम ०.०३ ते ०.०४ युनिट. इंजिन त्यातील तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवते, तरीही फरक प्रचंड राहतो. पेट्रोलचा डबा कोणत्याही गावच्या दुकानात ठेवता येई. बॅटरीला मात्र शहराची वीज हवी.

१३/
तरीही विजेची गाडी संपली नाही. जिथे वाट आखूड होती, ठरलेली होती आणि रात्री गाडी एकाच जागी परतत होती, तिथे ती टिकली. इंग्लंडमध्ये पहाटे दूध वाटणाऱ्या हजारो गाड्या विसाव्या शतकात बॅटरीवर चालल्या. रेल्वेच्या फलाटांवरील आणि कारखान्यांतील सामानाच्या गाड्याही तशाच. थळ घाटातले पहिले कारण इथे पुन्हा दिसते: वाट ठरलेली असेल तर वीज सोपी. फक्त तारेची जागा रात्रीच्या चार्जिंगने घेतली.

१४/
गोल्फ कार्ट हे याच कुळातले वाहन. अमेरिकेत १९५० च्या दशकात ती रुळली. ई-झेड-गो ही प्रसिद्ध कंपनी १९५४ ची. सुरुवातीचा जोर बॅटरीवर होता, कारण मैदानावर शांतता हवी आणि फेरी मोजकी. पुढे पेट्रोलच्या कार्टही आल्या. मोटरसायकलींसाठी ओळखली जाणारी हार्ले-डेव्हिडसन १९६३ पासून सुमारे वीस वर्षे गोल्फ कार्ट बनवत होती. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, म्हणून तिथला वाद ‘गॅस की इलेक्ट्रिक’ या नावाने चालतो. त्याचा आपल्या सीएनजीशी संबंध नाही.

१५/
मग हे वाहन मैदानाबाहेर पडले. ॲरिझोनातील सन सिटी ही निवृत्तांची वसाहत १९६० मध्ये सुरू झाली आणि लोक कार्ट घेऊन दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्याकडे जाऊ लागले. जॉर्जियातील पीचट्री सिटी या गावात कार्टसाठी दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या स्वतंत्र वाटा आहेत. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने ताशी २० ते २५ मैल वेगाच्या छोट्या गाड्यांचा ‘कमी वेगाचे वाहन’ असा वेगळा वर्ग केला. दिवे, आरसे आणि सीटबेल्ट असले की त्या ठरावीक रस्त्यांवर चालवता येऊ लागल्या.

१६/
तिथे निवड कशी होते? पेट्रोलची कार्ट पाच मिनिटांत भरते, दिवसभर चालते, चढावर दमत नाही. पण आवाज करते, तिला ऑइल, प्लग, फिल्टर यांची निगा लागते. बॅटरीची कार्ट शांत, तिचा रोजचा खर्च कमी. पण चार्जिंगला रात्र जाते, शिसे-आम्लाच्या बॅटरीत पाणी पाहावे लागते आणि काही वर्षांनी सगळा संच बदलताना मोठी रक्कम एकदम मोजावी लागते. लिथियम बॅटरीने वजन आणि देखभाल कमी केली, पण सुरुवातीची किंमत वाढवली. घरी प्लग आहे आणि फेरी लहान आहे, तो वीज घेतो.

१७/
आता पुन्हा मुरबाडला. मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याणपर्यंतचे सुमारे तीस किलोमीटर अंतर मोटारीनेच कापायचे. स्वातंत्र्यापूर्वी अशा गावांना जोडत ती खाजगी ‘सर्व्हिस मोटार’. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा देशभरातील बसगाड्यांच्या मागे किंवा बाजूला एक उभे नळकांडे बसवले गेले. त्यात लाकडी कोळसा जळे आणि निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले. ही खरीखुरी ‘गॅसची’ गाडी! जोर इतका कमी, की चढावर उतारूंनी उतरून गाडी ढकलल्याच्या आठवणी जुन्या पिढीत सर्रास ऐकू येत.

१८/
लाकडी कोळसा म्हटले की ठाणे-कुलाबा पट्ट्यात एका समाजाची आठवण झालीच पाहिजे. जंगलात भट्ट्या लावून कोळसा पाडण्याचे काम पिढ्यानपिढ्या कातकऱ्यांनी केले. मुंबईच्या चुली आणि शेगड्या त्यांच्या घामावर पेटल्या. अंगावर उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब महिनोन्महिने भट्टीवर राहत असे आणि हिशेब मात्र व्यापाऱ्याच्या वहीत. इंधनाचा इतिहास लिहिताना आपण टाकीत काय भरले ते नोंदवतो. ते कोणी तयार केले, त्याला काय मिळाले, हेही नोंदवायला हवे.

१९/
१९४८ हे वर्ष महाराष्ट्राच्या रस्त्यांसाठी दोन कारणांनी महत्त्वाचे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. त्याच सुमारास नवलमल फिरोदिया यांनी इटलीतील पियाजिओची तीनचाकी मालवाहू गाडी आयात करून तिचे प्रवासी वाहन करण्याचा प्रयत्न चालवला होता. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांचा माणसाने माणसाला ओढण्याच्या रिक्षांना विरोध होता. त्यातून ऑटोरिक्षाला वाट मिळाली. आज जिला आपण नुसती ‘रिक्षा’ म्हणतो, तिच्या जन्मामागे यंत्राइतकाच हा नैतिक प्रश्नही होता.

२०/
पुढे फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली आणि हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची तीनचाकी गाडी आपल्याकडे बनू लागली. ‘टेम्पो’ हा आज अस्सल मराठी वाटणारा शब्द मुळात त्या जर्मन कंपनीचे नाव. मग विक्रम आली, रायगडात मिनीडोर आली, काळी-पिवळी जीप आली. एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी या वडापने भरून काढली. सगळी डिझेल-पेट्रोलवर. कारण उघड होते: पंप तालुक्याच्या गावी होता आणि गावातली वीज बेभरवशाची.

२१/
आणि आता माथेरान, जिथे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माथेरान आज रायगड जिल्ह्यात असले तरी त्याचा आधुनिक इतिहास ठाण्यापासून सुरू होतो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून वर छोटी रेल्वे नेली, वाफेची. गंमत पाहा, त्याच १९०७ मध्ये मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर आल्या. एकाच वर्षी शहराने वीज निवडली आणि डोंगराने वाफ.

२२/
माथेरान गावात मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षात. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब सोडल्यास वाहन नाही. शांतता टिकली, झाडी टिकली. पण तिची किंमत कोण मोजत होते? लाल मातीच्या चढावर, पावसात, प्रवाशाला बसवून रिक्षा ओढणारी माणसे. शाळकरी मुले आणि वृद्ध यांनाही गावात दुसरे साधन नव्हते.

२३/
मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी धावल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून वाद होते. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने संख्या तूर्त वीसपर्यंत मर्यादित केली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र स्पष्ट आदेश आला: हाताने रिक्षा ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाडेतत्त्वावर देण्याची योजना आखा. पेट्रोल इथे स्पर्धेतच नव्हते. निवड माणसाचे श्रम आणि वीज यांच्यात होती.

२४/
इथे तिसरा प्रश्न येतो, मालक कोण? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पंजाबातील सायकलरिक्षा ओढणाऱ्यांचे प्रकरण आले होते. जो ओढतो त्यालाच परवाना, असा कायदा तिथे झाला होता. हेतू चांगला, पण ज्याच्याकडे रिक्षा घ्यायला पैसाच नाही त्याचे काय? न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ओढणाऱ्यांना कर्ज मिळवून देऊन मालक करण्याची योजनाच निकालात आखली. माथेरानमध्येही ई-रिक्षा आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, हाच आग्रह राहिला. नवे यंत्र बाहेरच्या ठेकेदाराच्या हाती गेले तर ओढणाऱ्याचे श्रम वाचतील आणि पोटही जाईल.

२५/
कायद्याची बाजू थोडक्यात. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ई-रिक्षांवर बंदी घातली, कारण त्या कोणत्याच नियमात बसत नव्हत्या. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ४,००० वॉटपर्यंतच्या तीनचाकी ई-रिक्षेला स्थान मिळाले. तिची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. गोल्फ कार्ट मात्र अशी नोंदवता येत नाही. केवळ बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच येत नाही. म्हणून फार्महाऊसच्या वसाहतीत किंवा रिसॉर्टमध्ये ती चालेल, पण फाटकाबाहेर पडून शहापूरच्या बाजारात जाऊ शकणार नाही.

२६/
आता सुरुवातीचा प्रश्न सोडवून पाहू. आसनगाव-शहापूर एक फेरी, जाऊन-येऊन सुमारे सहा किलोमीटर. दिवसाला बारा फेऱ्या धरल्या तर ७२ किलोमीटर. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्यांत ४.८ युनिट वीज मावते आणि असा संच असलेली ई-रिक्षा साधारण ७० ते १०० किलोमीटर चालते. वाट ठरलेली, अंतर आखूड, गाडी रात्री घरी. कागदावर वीज जिंकते. पण संच जुना झाला, पावसाळ्यात रात्री चार तास लाइट गेली, तर दुसऱ्या दिवशीची कमाई अर्धी. लोकलला जोडून चालणाऱ्या चालकाला हा धोका मोजावाच लागतो.

२७/
मुरबाडचे उत्तर वेगळे येईल. टोकावड्याकडे, माळशेजच्या पायथ्याशी किंवा शहापूरच्या डोळखांबकडे जाणारी गाडी एका दिवशी बाजारकरी नेते, दुसऱ्या दिवशी लग्नाचे वऱ्हाड, तिसऱ्या रात्री बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात. फेरी ठरलेली नाही, चढ आहेत, मध्ये चार्जिंगची सोय नाही. तिथे आज तरी तेल किंवा सीएनजी निवडणारा चालक मागासलेला ठरत नाही. तो नाणेघाटातील व्यापाऱ्यासारखाच हिशेब करतो: पुढचे टाके कुठे आहे?

२८/
५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना या महामार्गावर टोलमाफी आहे. पण तीनचाकीला तिथे प्रवेशच नाही. म्हणजे मुंबईची विजेची मोटार टोल न भरता वरून जाईल आणि खालच्या सेवा रस्त्यावर शहापूरचा रिक्षावाला चार्जिंगची जागा शोधेल. १९३० ची तार आणि २०२५ चा महामार्ग यांच्यातले हे साम्य धोरण आखणाऱ्यांनी पाहावे.

२९/
आशेचेही एक उदाहरण आहे. १ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेची बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ ची पहिली बस धावली तोच मार्ग आणि तीच तारीख. एसटीकडे आगार आहे. वाट ठरलेली, गाडी रात्री एका जागी, सेवा सार्वजनिक. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिथे एकदम मिळतात. शहापूर आणि मुरबाडच्या एसटी स्थानकांत रिक्षांसाठीही चार चार्जर बसले, तर आजचा हिशेब बराच बदलेल.

३०/
सारांश असा. घाटात वीज जिंकली ती कोणीतरी तार बांधली म्हणून. रस्त्यावर पेट्रोल जिंकले ते गावोगाव पंप उभे राहिले म्हणून. कार्टच्या वसाहतीत बॅटरी रुळली ती प्रत्येक घरी प्लग होता म्हणून. माथेरानमध्ये ई-रिक्षा आली ती माणसाने माणसाला ओढणे असह्य झाले म्हणून, आणि ती ओढणाऱ्याच्याच हाती राहते की नाही यावर तिचे यश ठरेल. शहापूर-मुरबाडच्या चालकाने काय घ्यावे, हे सांगण्यापूर्वी त्याच्या थांब्यावर प्लग आहे का आणि गाडीचे कर्ज कोणाच्या नावावर आहे, हे विचारावे.

३१/
तुमच्या गावच्या वाहतुकीचा इतिहास कोणत्याही पुस्तकात नसेल. घरातील आजी-आजोबांना विचारा: गावात पहिली मोटार कोणाची आली, ती कशावर चालायची, चढावर कोण ढकलायचे, आणि लाइट कोणत्या वर्षी आली? उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि इथे खाली जरूर सांगा. थळ घाट, कातकऱ्यांच्या कोळसाभट्ट्या आणि सर्व्हिस मोटारी यांवर स्वतंत्र थ्रेड लिहायचे आहेत. त्यांसाठी तुमच्या आठवणींची मोलाची मदत होईल.